शिकलगार

"कंप्रेसर बंद कर रे."
शेड गप्प झाली. दस्तगीरचाचांनी नवं व्हील
बोटावर अडकवलं,
स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं टिचकी मारली.
टण्ण. लांबपर्यंत गेला आवाज.

परवाचं एक भद्द वाजलं होतं.
साहेब म्हणाले, दिसत तर काही नाही.
चाचांनी तिथल्या तिथं घण घालून फोडलं,
उद्या कुणी चुकून चढवायला नको.

मिरजेत यांचे वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे.
आजा तलवारींना धार.

कागदाची चकती, फ्लँज, नट. बेतानं आवळ.
मग स्टँडवर मोकळं सोडलं
की जड बाजू आपणहून खाली येते.
तिथं खडूची खूण. वजनं सरकव. सोड.
पुन्हा सरकव.
"हलतंय?"
"थोडं."
"थोडं म्हणजे हलतंय."

कुपवाडात बाराचा भोंगा झाला तेव्हा
ते जिथं सोडलं तिथं थांबलं. पाव फिरवलं,
तिथंही.

गार्ड लावला. बटणाआधी चाचांनी
माझा दंड धरून मला व्हीलच्या रेषेतून बाजूला ओढलं.
एक मिनिट दोघं नुसते ऐकत उभे.

"लाव आता कंप्रेसर," म्हणाले,
"आणि चहा सांग."