शेऱ्याचा रकाना

क्लायपेडाच्या लाकूड-वखारीत
सोमवारपासून वजनाचा रकाना राखाडी झाला.
मीच केला. यादीतली एक खूण काढली, बस्स.
काटा सांगेल तो आकडा,
कुणाचा हात लागायला नको.

व्हिटेनिसनं त्यावर तीनदा टिचकी मारली,
तिसऱ्यांदा जरा जोरात,
दार फुगून बसलं की मारतात तशी.
मग फोन : स्किरमान्ते, बर्च ओला आहे.
काटा पाणीसुद्धा तोलतो. मी नाही तोलत.

तीस वर्षं ओंडक्यावर तळवा टेकून
तो पेन्सिलीनं किलो खोडायचा.
हिशेब तपासणाऱ्यांना
तळव्याची पावती सापडेना.

आता तो शेऱ्यात लिहितो.
तेवढाच उघडा राहिलाय, दोनशे पंचावन्न अक्षरं.
‘ओलं. चाळीस वजा धरा.’
‘साल सुटतेय. बारा.’
आणि काल, सातव्या गाडीखाली :
‘कोरडं. काटा बरोबर आहे.
आज माझं काही काम नव्हतं.’

वरून निरोप आलाय, शेराही बंद करा,
त्याची बेरीज होत नाही.

यादी उघडून बसलेय.
बाहेर खाडीवरून धुकं येतंय,
आणि ओंडके
जड होत चाललेत.