दोन बोटं माया

केजेतिया बाजाराच्या मागच्या गल्लीत
मी बायकांची मापं घेते. एकवीस वर्षं झाली.
अर्ध्या कुमासीची छाती
माझ्या वहीत इंचांनी लिहिलेली आहे.
कुणाची बाळंतपणात भरली, कुणाची काळजीनं ओसरली,
नवऱ्यांना ठाऊक नसतं ते माझ्या टेपला ठाऊक असतं.

कोनादूचं माप चुकलं तेव्हा
मला वाटलं, माझाच हात चुकला.
उजवीकडे कापड बसेना.
ती म्हणाली, "काही नाही गं डूफी, दुखत तर नाही,
तू जरा झाकून दे."
आणि मी झाकलं.
एक जास्तीचा टक्स, आतून अस्तर दुहेरी,
वर निळ्या पानांची नक्षी अशी जुळवली
की चर्चमध्ये सगळ्या विचारत होत्या, कबा कुणी शिवला?
इतकी देखणी शिवण माझ्या हातून पुन्हा झाली नाही.
पुढच्या वर्षी तिच्या मयताचं लाल-काळं कापड
चाळीस जणींसाठी मीच कापलं.
वेळेवर दिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
झाकलेली गाठ कितीची, ते कुठल्याच बिलावर आलं नाही.
बिल झालंच नाही.
आधी पाद्री, मग पाला, मग पुन्हा पाद्री.

यंदा आफ्राकोमा आली, अंगाला धुरी दिलेल्या माशांचा वास,
काखेत लेकीच्या लग्नाचं सहा वार कापड.
हात वर कर म्हटलं. टेप फिरवली.
डावीकडे, काखेच्या जरा अलीकडे,
कातडीला कुणी आतून टाका घातल्यासारखी
एक बारीक चुणी.

मला चुण्या कळतात.
आत कुठे दोरा ओढला गेला की पडतात.

"कधीपासून?"
"काय कधीपासून?" म्हणाली,
आणि पंख्याकडे बघत राहिली. वीज गेलेली होती.

मी कापडाची घडी घातली, कपाटात टाकली, किल्ली कमरेला खोचली.
"हे गहाण. सिस्टर लारिबाचा कागद आण, मग कात्री लावते."
तिनं शिव्या दिल्या. मासळी बाजारातल्या, अस्सल.
माझ्या आईपासून सुरुवात केली.
पाच दुकानं कान देऊन ऐकत होती.
शिव्या संपल्यावर स्टुलावर बसली.
"कापून टाकतील गं."
मी जन्मभर कापत आलेली बाई, तिला काय सांगू?
म्हटलं, "आधी माप तर घेऊ दे त्यांना.
कदाचित कात्री लागायचीही नाही."

दुकान बंद करून गेलो. त्रोत्रोत ती खिडकीशी, मी तिच्या पिशवीशी.
लारिबा उत्तरेकडची; तिच्या ट्वी बोलण्याला आम्ही हसलो,
तीही हसली, आणि हसता हसता
तीन बोटं सपाट ठेवून, गोल गोल,
अस्तरात हरवलेलं बटण शोधावं तशी
शोधत गेली.
"पुष्कळ गाठी साध्या असतात," म्हणाली,
"पण ते गाठीनं नाही, आम्ही सांगायचं."
यंत्र, सुई, सही. मंगळवारी या.

मग माझ्याकडे वळली. "आणि तू?"
"मी टेलर."
"टेलरला छाती नसते?"

वहीत माझं पान नाही.
एकवीस वर्षं मी स्वतःचे कपडे अंदाजानं शिवते.
टेबलावर आडवी झाले तेव्हा
टेप गळ्यातच होती, थंडगार,
आणि आफ्राकोमा दाराशी उभी,
या खेपेला हात वर कर म्हणणारी ती.

आता माप घेताना मी विचारते.
कुणी लाजतात, दोघी-तिघी दुसऱ्या टेलरकडे गेल्या.
जाऊ देत.

आज सोमवार. रात्री कपाट उघडलं.
कागद अजून आलेला नाही, पण लग्न थांबत नाही.
खडूनं रेघ मारली
आणि दोन्ही बाजूंना, शिवणीच्या आत,
दोन बोटं माया सोडली.
उसवावं लागलं तर उसवू.