चिठ्ठ्यांचे दोन ढीग

राजेंद्रनगरचा हॉल. आदल्या रात्रीचं लग्न
अजून पुरतं सुटलं नव्हतं स्टेजवरून,
थर्मोकोलचे दोन मोर तसेच,
त्यांच्या पुढ्यात ‘शून्य चौकी’चा बॅनर.
देवास, उज्जैन, खंडव्याहून माणसं आलेली,
एक जण केदारसारखा वायरलेसचा डबा पाठीला बांधून.
डब्यात पराठे होते, हे नंतर कळलं.

माझं काम माइक धरायचं.
द्यायचा नाही, धरायचा. मृणालताई कारखानीसांनी तीनदा बजावलं:
“सोडलास की भाषण सुरू होतं. इंदूर आहे हे.”
आणि चिठ्ठ्या निवडायच्या.
हवी. नको.
नियम दाराला चिकटवलेले:
पाया पडू नये.
गळ्यात पडण्याआधी विचारावे.
शिव्या मालिकेतल्या असल्या तरी देऊ नयेत.
सहावा मागाहून, निळ्या पेनाने:
भैरव आणि केदार यांच्याविषयी तसलं विचारू नये.

तसलं.
किती स्वच्छ शब्द, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा,
काय वाढलं होतं ते कळूच नये.

ऋग्वेद टिपणीस आले.
पडद्यावरच्यापेक्षा बुटके, वर सर्दी झालेली.
अर्धा तास बरा गेला.
बर्फ खरा होता का? (मीठ होतं.)
ती घोडी आता कुठे असते?
(तिला शिंगरू झालं. टाळ्या.)
मग चौथ्या रांगेतून एक भिया उठला,
माइकची वाटही न बघता:
“सर, केदारचं जाऊ द्या,
तुम्ही स्वतः पण तसेच का?”

हॉल हसला.
टिपणीसही हसले, पण रुमाल काढून, रुमालाआड.
मी माइक पाठीमागे धरला
चोरीचा असल्यासारखा.
“घरातलं विचारायचं नाही,” मृणालताई म्हणाल्या, “पुढचे!”

पुढच्या म्हणजे चंद्रप्रभा मुजुमदार,
विमा कचेरीतून निवृत्त, पर्स पोटाशी.
नियम वाचला नव्हता त्यांनी,
किंवा नीट वाचला होता.
“अकराव्या भागात केदार कंदील विझवायला उठतो
आणि विझवत नाही. भैरव झोपलेला.
चौदा सेकंद बघतो त्याच्याकडे. मी मोजलेत.
तुमचं नाही हो विचारत मी. केदारचं विचारतेय.
काय होतं त्या बघण्यात?”

बटणावर माझा अंगठा.
तिकडे मृणालताईंची मान, नाही, नाही, नाही.
अंगठा ऐकेना.

टिपणीसांनी नाक पुसलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.
“कागदावर एकच शब्द होता. बघतो.
मी विचारलं, कसा?
दिग्दर्शक म्हणाले, कंदिलात रॉकेल किती उरलंय
ते बघितल्यासारखा.
तसा बघितलं मी.
पण बाई, खरंच कमी होतं हो रॉकेल.
रात्र मोठी होती तिथली.
याच्यापुढचं केदारनं मलाही सांगितलेलं नाही.”

“बरं,” मुजुमदारबाई म्हणाल्या,
खातं जुळल्यावर म्हणतात तसं, आणि बसल्या.
कुणी हसलं नाही.
मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं, तेवढंच.

दुपारी खुर्च्या लावून ठेवल्या एकात एक.
नको-चा ढीग मोजला: तेवीस.
त्यात एक वहीतली, रेघांची, चार घड्यांची.
अक्षर माझं.
सराफ्यातून रात्री दोनला परतलो तेव्हा लिहिलेली:
पुढे केदार कुणाला सांगतो का?
आणि सकाळी नऊ वाजता मीच काढून टाकलेली,
हात न थरथरता, नियम क्रमांक सहा.

पोहे आले, वर शेव, जिरावन.
प्लेटी संपल्या होत्या.
“कागद पडलेत की रे इतके,” अन्वय म्हणाला,
“घे त्यातलाच एखादा.”

मी हवी-च्या ढिगातला घेतला.
बर्फ खरा होता का, यावर
पिवळं तेल हळूहळू पसरत गेलं.