एकोणीस नंबरचं सिमेंट

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी मला परत बोलावलं,
वांद्र्याच्या कचेरीत, सातव्या मजल्यावर.
काम तेच. दगड, दाब, नळी.
फक्त बाण उलटे.
तीस वर्षं मी नकाशावर वर जाणारे बाण काढले,
आता ते खाली काढायचे.

जे उपसून जाळलं त्याचा धूर गोळा करायचा,
दाबायचा, इतका, की तो वायूही राहत नाही
नि पाणीही होत नाही,
आणि समुद्रतळाखाली दीड हजार मीटरवर
त्याच चुनखडीत परत पाठवायचा.
"जुना भाडेकरू गेला, खोली रिकामीच आहे," मी म्हणालो.
हेमांगी केणी हसली नाही.
"खोली ठीक आहे सर. दारं मोजायला हवीत."

दारं म्हणजे आमच्या विहिरी.
चुनखडीवरचं चिकणमातीचं झाकण
कोट्यवधी वर्षं शाबूत होतं.
त्याला बेचाळीस भोकं आम्ही पाडली.

पनवेलच्या गोदामातून फायली आल्या,
डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन.
लॉगची गुंडाळी टेबलावरून सुटली,
फरशीवरून दारापर्यंत गेली.

नळीभोवतीचं सिमेंट वाजवून बघतात.
यंत्र तळाला सोडायचं, ते आतून टकटक करत वर येतं.
कुंभाराकडे मडकं घेतो ना, तसंच,
पण उलट:
चांगलं मडकं खणखणतं,
चांगली विहीर मुकी राहते.

एकोणीस नंबर अठरा मीटर खणखणत होती.
नेमकी झाकणाच्या आतच.
बाजूला निळ्या शाईत एक शब्द, समाधानकारक,
आणि त्याखाली सही.
"कुणाची आहे ही? वाचताच येत नाही."
माझी सही तेव्हा फार ऐटबाज होती.

मे अठ्ठ्याऐंशी. रिगचं भाडं तासावर,
पावसाआधी पुढच्या जागी हलायचं होतं.
ग्रेशियस रुमाव, आमचा ड्रिलर, वसईचा,
कागदावर ग्रीसचं बोट ठेवून म्हणाला होता,
"साहेब, ही बोलतेय. एक दिवस द्या,
भोकं पाडून पुन्हा सिमेंट दाबतो."
मी म्हणालो, तेल काही सिमेंट खात नाही, ग्रेशियस.

ते खरंच होतं.
तेल खात नाही.
हा नवा भाडेकरू पाण्यात मिसळला की आंबट होतो,
हा खातो. त्याला घाई नसते.

"माझी," मी हेमांगीला सांगितलं.
ती काही बोलली नाही. पेन्सिलीने अठरा मीटरभोवती
एक चौकोन काढला, आणि तक्ता पुढे सरकवला.
त्यात एक रकाना: किती काळ टिकायला हवं.
छापलेलंच होतं, दहा हजार वर्षं.
माझ्या नोकरीत सगळ्यात लांब मुदत
पंचवार्षिक होती.

चेंबूरला घरी आलो. खिडकीतून माहुलची ज्योत दिसते,
रोजच दिसते.
ग्रेशियसला फोन लावला, त्याच्या मुलीने घेतला.
"डॅडींना आता ऐकू येत नाही अंकल,
इतकी वर्षं मशीनजवळ काढली ना.
काय सांगू?"
म्हटलं, कागदावर लिहून दाखव: एकोणीस नंबर.
ऑक्टोबरात समुद्र शांत झाला की
भोकं पाडून पुन्हा सिमेंट दाबणार आहोत.

बराच वेळ पलीकडे कोंबड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.
मग ती म्हणाली,
"ते विचारतायत,
दिला का शेवटी एक दिवस?"