दोन कोच

टोलीडोत, टायरच्या गोदामामागे, जाळी.
मार्च आहे म्हणे. बॅट धरली की बोटं झिणझिणतात.

म्हातारा व्होझ्निआक म्हणतो, पुढे जा, शाल्मली,
मागच्या पायावरचं वजन पुढच्यावर टाक,
हात थेट चेंडूकडे, ओळंब्यासारखे सरळ.
डॅरेल म्हणतो, कुठं जाऊ नकोस.
पाय रोव. कंबर फिरव.
बॅट येईल मागून, बिजागरीवरचं दार येतं तशी.

सहा आठवडे हेच चाललंय.
मशीन चेंडू फेकतं, त्याला काय.

मी जाळीबाहेर, कॉफी निवत चाललेली.
मचाणावर मी गोफण फिरवायचो, ज्वारीत पाखरं उतरली की,
डोक्याभोवती दोन गरके, तिसऱ्याला एक दोर सोडायचा.
फिरायची गोफण.
गुंडा मात्र सरळच जायचा.

हे त्यांना सांगावं म्हणून
गोफणीला इंग्रजी शब्द शोधतोय, तोवर
ती उभी राहिलीसुद्धा.

अर्धं पाऊल पुढे. टाच टेकली.
खुबा वळला, खांदा अजून मागेच,
आणि ठण्ण!

"हेच सांगत होतो मी," दोघंही एकदम.

शाल्मली बाहीनं नाक पुसते,
मशीनमध्ये आणखी एक टोकन सारते.