साडेतेरा मिलिमीटर

रात्री दोनला दादा जेलरोडवर
लोखंडी गज डांबराला टेकवून उभे राहायचे.
गजाच्या टोकाला लाकडी वाटी, वाटीला कान.
महापालिका, पाणीपुरवठा विभाग, गळतीशोध पथक,
सुकदेव पगारे.
दोनलाच का,
तर तेव्हा ट्रक थांबलेले असतात
आणि सगळ्यांचे नळ बंद.
जे वाजतं ते फक्त वाया जाणारं.

मीही रात्रीच बसते.
माझी डिश इथे नाही, समुद्रापलीकडच्या एका पठारावर आहे;
सातपूर कॉलनीतल्या मागच्या खोलीत
फक्त तिचे आकडे उतरतात.
चौदाशे नोंदींची यादी.
एक नोंद म्हणजे धुळीचा एक काळा ढग,
आत कुठेतरी तारा जमतोय, अजून पेटायचाय,
आणि जमता जमताच दोन्ही बाजूंना झोत फेकतोय.
झोत आदळतो तिथे पाण्याचे रेणू चेकाळतात.
एकाने हाक दिली की पुढचा त्याच पट्टीत ओ देतो,
मग त्याच्या पुढचा,
आणि ती हाक हजारो वर्षं चालून इथवर येते
साडेतेरा मिलिमीटरच्या लाटेवर.

साडेतेरा.
आई पिंपळगावला पॅकहाउसमध्ये होती तेव्हा
द्राक्षाचा मणी रिंगमधून घालून बघायची.
सोळाच्या रिंगेतून खाली पडला तो बोटीवर चढायचा नाही.
असले बारके मणी ती ओच्यातून घरी आणायची.
गोड असायचे.

ढग आले की काम बंद.
आपल्या हवेतली वाफही त्याच पट्टीत गुणगुणते,
जवळचं पाणी लांबच्या पाण्याला ऐकू देत नाही.
आणि ढग नसले तरी
बहुतेक नोंदींपुढे मी तेच दोन शब्द टाइप करते:
आढळले नाही.
आढळले नाही.
बोटांना आता बघावंही लागत नाही.

नोंद सहाशे सतरा.
तीन आठवड्यांतल्या तीन रात्री, तिन्ही वेळा एक टोक,
गव्हाच्या कुसासारखं बारीक, ताठ.
मी कुणाला सांगितलं नाही.
आलेखाचा आवाज केला
आणि दादांच्या उजव्या कानाला हेडफोन लावला.
डावा रिटायर व्हायच्या आधीच गेलेला.

ते डोळे मिटून बसले. चहावर साय धरली.
मग म्हणाले, "हे पाणी नाही.
पाणी हलतं गं. दाब चढला की वेगळं, उतरला की वेगळं.
हे आपलं एका जागी मांडी घालून बसलंय."

मला राग आला.
म्हटलं, दादा, ही तुमची सहा इंची बिडाची लाइन नाही.
ते काही बोलले नाहीत, हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.
मग रात्री, उगाचच, शेजारच्या नोंदी उघडल्या.
सहाशे पंधरातही तेच टोक. सहाशे वीसमध्येही.
मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे डिश वळवली होती, तिथेही,
त्याच चॅनेलवर, केसभर न सरकता.
पृथ्वी फिरते, तिच्याबरोबर ऐकणाराही वाहत असतो,
खऱ्या पाण्याने तीन आठवड्यांत जागा सोडायला हवी होती.
हे आमच्याच घरचं. रिसीव्हरमधलं.

सहाशे सतरा: आढळले नाही.

साडेपाचला पाणी आलं. दादा पिंप भरत होते.
"म्हणजे तिथं पाणीच नाही?"
असेल, मी म्हटलं. तोंड आपल्याकडे नसेल त्याचं.
किंवा या महिन्यात बंद असेल.
"उंटवाडीला असंच," ते म्हणाले,
"तीनदा गेलो, काही नाही. चौथ्यांदा
शाळेच्या कुंपणातून वर आलं.
फुटलं होतं मात्र वीस फूट अलीकडं."
पाइप काढून पिंपावर झाकण ठेवलं.
"फुली मारायची ती पुसट मार. परत यावं लागतं."

यादीत शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो,
सहसा रिकामाच जातो.
सहाशे सतरापुढे मी तिथे
पुढच्या कोरड्या महिन्याची तारीख टाकली
आणि सहाशे अठरा उघडली.