साळ

वेर्ण्याच्या माळाखाली एका घराच्या मागीलदारी
नळ गळतोय असं वाटावं,
तिथं ती सुरू होते.
मी विचारलं, तर घरधनीण म्हणाली,
नदी? ही आमची व्हाळी.
नदी पुढे असेल कुठंतरी.

पुढेही हेच.
नुव्यात ती शेताचा पाट,
कुणाच्या म्हशींची डुंबण्याची जागा,
आणि मडगावात खारेबांधावर
लोक गाडीची काच वर करतात,
तेवढ्यापुरती ती असते.
जलपर्णीच्या जांभळ्या फुलांत एकच चप्पल,
डाव्या पायाची.
डावीकडून चौथा नाला मिळतो,
तो कागदावर मी काढला होता.
एक्याण्णव साली. निळ्या शाईनं.
उतार बरोबर होता.

तिला स्वतःला मात्र उतार नाहीच.
पाटावर सांडलेलं पाणी
जितक्या निश्चयानं निघतं, तितकीच ती निघते.
उजव्या हाताला समुद्र,
माडांच्या दोनचार रांगा सोडल्या की.
बाणावलीत रात्री खाटेवर पडलं, की गाज ऐकू येते.
तिलाही येत असणार.
तरी वळत नाही,
दक्षिणेला चालत राहते, वार्का, ओर्ली, कार्मोणा,
जसा माझा आतेभाऊ बाविसेक वर्षं
थोरल्याच्या दारावरून बाजाराला जायचा,
आत न डोकावता.

इथं आधी चिखल होता, आणि तिवरं.
मग कुणीतरी पहिली टोपली ओतली.
कुणी, ते कुठल्याच वहीत नाही.
वहीत दुसऱ्या टोपलीपासून हिशोब आहे:
बांधाला किती माणसं, किती दिवस,
कुणाच्या वाट्याला खाजनाचा कुठला तुकडा,
कोण आलं नाही, त्याला दंड किती.
मग राजा बदलला.
देव रातोरात होडीत बसून पैलतीरी गेले,
जे मागे राहिले त्यांची नावं बदलली,
वहीची लिपी बदलली.
बांध फुटल्यावर मारायची हाक
तेवढी तीच राहिली.

चिंचोण्याला मानसाची दारं कायतान बार्रेतो राखतो.
सागवानी फळ्या, भरतीनं आपसूक मिटतात,
ओहोटीनं उघडतात.
मग तू काय करतोस, मी म्हटलं.
बघतो, म्हणाला. मिटली की नाही ते.
त्याच्या बापाच्या वेळी आत कोरगुट पिकायचं,
मीठ पचवणारं तांबडं भात.
आता आत पाणीच आहे, आणि पावणीत घेतलेली मासळी,
आणि कुणी ठेकेदार, जो फोन उचलत नाही.
नदी कुठं जाते हे कायतानला विचारू नये.
सहा तास जाते, म्हणतो,
सहा तास येते.
कौलांचे पडाव या येण्यावरच मडगाव गाठायचे,
वल्ह्याला हात न लावता,
तांडेल झोपलेला.

म्हणजे माझा चौथा नाला
खाली बेतुलला जातो तो जातो,
आणि परतही येतो.
हे आमच्या कोर्समध्ये नव्हतं.
की होतं, आणि मी त्या दिवशी गेलो नव्हतो.

बेतुलला ती शेवटी वळते,
मोबोरच्या वाळूला बगल देऊन, जवळजवळ चुकून.
तोंडाशी रेतीचा बांध.
दोन ट्रॉलर भरतीची वाट बघत उभे,
खलाशी पत्ते खेळताहेत.
आवडू नावाची खारवीण खडकावर
शिनाण्यांची टोपली खळबळत होती,
काळ्या शिंपल्या, हिरवट कडेच्या,
त्याच पाण्यात.
कुठले तुम्ही?
मडगावचा.
हां, म्हणाली, आणि एक मूठ जास्तीची घातली.

मी पैसे दिले.
पिशवीतून पाणी गळत होतं
बसच्या पायरीवर, मग सीटखाली,
आणि बस वळणं घेईल तसं
ते कधी पुढे जात होतं, कधी मागे.
कंडक्टर म्हणाला, कुणाचं हे?